वाटसरूचा विसावा आणि रस्त्याकडेची वीज

महामार्गाने प्रवास करताना आपली नजर एकतर समोरच्या डांबरावर असते, नाहीतर दूरच्या डोंगरांवर. या दोहोंच्या मध्ये गवताची, बाभळीच्या झुडपांची आणि क्वचित एखाद्या जाहिरातफलकाची जी पट्टी मैलोन्‌मैल पसरलेली असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक ही जमीन फुकट मिळालेली नसते. कुणाच्या तरी शेताचा तो तुकडा असतो, त्याचा मोबदला सरकारी तिजोरीतून गेलेला असतो आणि अनेकदा त्यासाठी वर्षानुवर्षे कज्जेही चाललेले असतात. आपल्याकडे चारपदरी राष्ट्रीय महामार्गासाठी सामान्यतः साठ मीटर रुंदीची हद्द धरली जाते. चार पदर, दुभाजक आणि कडेच्या पट्ट्या मिळून तिचा निम्मा भागही व्यापला जात नाही. दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे वळणरस्त्यांच्या वेटोळ्यांत तर एकरच्या एकर जमीन अडकून पडते. तिच्यात शेती करता येत नाही, घर बांधता येत नाही आणि ती विकताही येत नाही.

या पडीक जमिनीवर वीज निर्माण करावी आणि त्या विजेच्या आधाराने वाटसरूच्या विसाव्याची सोय करावी, ही कल्पना गेल्या दोन दशकांत अनेक देशांत आजमावली गेली आहे. कोठे ती उत्तम साधली, कोठे सपशेल फसली. यश आणि अपयश यांतील अंतर तंत्रज्ञानापेक्षा व्यवहाराने अधिक ठरले, हे त्या अनुभवांकडे पाहिल्यावर ध्यानात येते. म्हणूनच बँकेच्या या पत्रिकेत तो विषय मांडावासा वाटला.

वाटसरूची सोय करणे हे आपल्या देशात राजकर्तव्यही मानले गेले आणि पुण्यकर्मही. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला लावलेल्या वडांची, आमरायांची, ठराविक अंतरावर खोदलेल्या विहिरींची आणि विश्रांतिगृहांची नोंद करून ठेवली आहे. शेरशाह सूरीच्या सराया प्रसिद्धच आहेत. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी तर आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, देशभरातील तीर्थमार्गांवर धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले. सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा एवढी या सोयीची त्रिसूत्री होती. आजच्या वाटसरूला याच तीन गोष्टी हव्या असतात. फरक एवढाच, की आज त्या तिन्ही विजेवर चालतात.

ओरेगनमधील पहिला प्रयोग

अमेरिकेच्या वायव्येकडील ओरेगन हे राज्य पाऊस, ढग आणि देवदार वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. सौर विजेच्या प्रयोगासाठी ते कोणाला चटकन सुचणार नाही. तरीही त्या देशातील महामार्गाच्या हद्दीतील पहिला सौर प्रकल्प तेथेच, पोर्टलंड शहराजवळील टुआलटिन येथे उभा राहिला. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५ आणि २०५ यांच्या संगमावर, वळणरस्त्याच्या कुशीत, ५९४ पॅनेलांची ओळ डिसेंबर २००८ मध्ये कार्यान्वित झाली. तिची क्षमता होती अवघी १०४ किलोवॅट. त्या संगमावरील दिव्यांना लागणाऱ्या विजेपैकी सुमारे एकतृतीयांश वीज त्यातून मिळणार होती.

येथे कोणीही विचारील, की सूर्य दिवसा तळपतो आणि रस्त्यावरचे दिवे रात्री लागतात, मग मेळ कसा बसायचा? बॅटऱ्या त्या काळी परवडणाऱ्या नव्हत्या. उत्तर सोपे होते. दिवसा तयार झालेली वीज स्थानिक वीज कंपनीच्या जाळ्यात सोडायची आणि रात्री तितकीच परत घ्यायची. आपल्या बचत खात्यात दिवसा पैसे भरावेत आणि संध्याकाळी काढावेत, तसाच हा हिशेब. आपल्याकडे घराच्या छतावर सौर संच बसविलेल्या ग्राहकांना ही नेट मीटरिंगची पद्धत आता चांगलीच परिचयाची झाली आहे.

खरी अडचण पैशाची होती आणि तिचे स्वरूप मोठे मासलेवाईक होते. प्रकल्पाचा खर्च होता सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर. सौर प्रकल्पात गुंतवणूक करणाऱ्यास त्या काळी केंद्र सरकार खर्चाच्या ३० टक्के रक्कम करातून वजा करू देत असे आणि ओरेगन राज्याची स्वतःची करसवलत तर ५० टक्क्यांपर्यंत होती. परंतु रस्ते खाते हे सरकारी. ते मुळात करच भरत नाही, मग करातील सवलत घेणार कशी? म्हणजे जमीन ज्याची, त्याला सवलतीचा उपयोग नाही आणि सवलत ज्याला उपयोगी, त्याच्याकडे जमीन नाही, असा पेच.

तो सुटला तो त्रिपक्षी व्यवस्थेने. पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक ही वीज कंपनी आणि यू. एस. बँकेची एक उपकंपनी यांनी मिळून या एकाच कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. पॅनेलांची मालकी तिच्याकडे राहिली आणि करसवलतीचा लाभ बँकेला मिळाला. रस्ते खात्याने जमीन विकली नाही, केवळ वापरण्याचा परवाना दिला आणि तेथे तयार होणारी वीज दीर्घ मुदतीच्या कराराने विकत घेण्याचे मान्य केले. खात्याच्या अंदाजपत्रकावर भांडवली बोजा पडला नाही, वीज कंपनीला अपारंपरिक विजेचे बंधन पाळण्यास मदत झाली आणि बँकेला खात्रीचा परतावा मिळाला. पॅनेल कोणत्या कोनात बसवावे, हे अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होते. ओरेगनने नवे काही शोधून काढले असेल, तर ते हे करारपत्र होय.

आणखी एक गाठ कायद्याची होती. महामार्गाच्या हद्दीत खाजगी उत्पन्नाचे काम करू द्यायचे की नाही, याविषयीचे केंद्रीय नियम कडक आहेत. परंतु टेलिफोनच्या तारा, जलवाहिन्या, वीजवाहिन्या या ‘लोकोपयोगी सेवा’ म्हणून त्याच हद्दीतून नेल्या जातातच. ओरेगनच्या अधिकाऱ्यांनी सौर पॅनेलही याच व्याख्येत बसविली. हा मार्ग इतका सोयीचा ठरला, की पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने रस्त्याकडेच्या जमिनीच्या अशा पर्यायी उपयोगांविषयी राज्यांना मार्गदर्शक पत्रच पाठविले.

बाल्डॉकचा थांबा

पहिला प्रयोग लहान होता. दुसरा मात्र थेट विसावास्थळाशी जोडला गेला. पोर्टलंडच्या दक्षिणेस, विल्सनव्हिल गावाजवळ, आंतरराज्य महामार्ग ५ वर बाल्डॉक नावाचा थांबा आहे. त्याला लागून असलेल्या सुमारे सात एकर जमिनीवर ६,९९४ पॅनेले उभारण्यात आली आणि जानेवारी २०१२ मध्ये १.७५ मेगावॉटचे हे केंद्र सुरू झाले. खर्च आला सुमारे एक कोटी डॉलर आणि वर्षाला जवळजवळ २० लाख युनिट वीज त्यातून अपेक्षित होती. पॅनेले त्याच राज्यातील हिल्सबरो येथील कारखान्यात तयार झालेली होती.

बाल्डॉकची दुसरी एक कहाणी आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. या थांब्यावर कित्येक वर्षे बेघर माणसांची एक वस्तीच होती. नोकरी गेलेली, घर गमावलेली माणसे आपल्या मोटारीत किंवा जुन्या फिरत्या घरांत तेथे राहत. सार्वजनिक स्वच्छतागृह, पाणी आणि रात्रभर जळणारे दिवे एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चाले. २०१० मध्ये थांब्याच्या व्यवस्थापनात बदल झाला आणि ही वस्ती हलविण्यात आली. सुदैवाने त्यांना नुसते हुसकावून लावण्यात आले नाही. समाजसेवी संस्था आणि कायदेशीर मदत देणाऱ्यांनी अनेकांना निवारा मिळवून देण्याचा प्रयत्न केला. सौर केंद्राचा आणि या घटनेचा कार्यकारण संबंध नाही. तथापि सार्वजनिक जमीन कोरी कधीच नसते, एवढे त्यातून निश्चित कळते. आपल्याकडे महामार्गाच्या कडेला चहाची टपरी, पंक्चर काढणाऱ्याची खोपटी, गुरे चारणारी मुले आणि हंगामात कणसे विकणाऱ्या बाया असतात. नकाशावर ‘रिकामी जागा’ असे लिहिताना ही माणसे मोजली गेली आहेत काय, हे कर्जप्रस्ताव तपासणाऱ्यानेही पाहिले पाहिजे.

रस्त्यालाच पॅनेल केले तर?

रस्त्याची कडा वापरण्याऐवजी रस्ताच सौर पॅनेलांचा करावा, अशी एक मोहक कल्पना मध्यंतरी फार गाजली. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात तूरूव्र-ओ-पेर्श या गावाजवळ डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर २,८०० चौरस मीटर पॅनेले अंथरण्यात आली. मंत्रिमहोदयांच्या हस्ते थाटामाटात उद्घाटन झाले आणि खर्च आला ५० लाख युरो. पहिल्या वर्षी सुमारे दीड लाख युनिट वीज मिळाली. दुसऱ्या वर्षी ती जवळजवळ निम्म्यावर आली.

कारणे शोधायला प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती. जमिनीवर सपाट पडलेल्या पॅनेलाला सूर्याकडे तोंड करता येत नाही. त्यावर धूळ साचते, कडेच्या झाडांची पाने कुजतात आणि ट्रॅक्टरची चाके त्याचे सांधे उखडतात. शिवाय वाहनांचा आवाज इतका वाढला, की त्या पट्ट्यावर वेगमर्यादा घटवून ताशी ७० किलोमीटर करावी लागली. २०१८ मध्ये सुमारे ९० मीटरचा भाग तर काढूनच टाकावा लागला.

आता बँकेच्या दृष्टीने साधा त्रैराशिक मांडू. बाल्डॉकला एक कोटी डॉलर खर्चून वर्षाला सुमारे २० लाख युनिट, म्हणजे वार्षिक एका युनिटमागे पाच डॉलर भांडवल लागले. नॉर्मंडीत पहिल्या, म्हणजे सर्वांत चांगल्या वर्षाचा आकडा धरला तरी युनिटमागे तेहतीस युरो पडले. बाल्डॉकच्या काळानंतर पॅनेलांच्या किमती कितीतरी खाली आल्या आहेत, हेही लक्षात घेतले तर उभारलेल्या पॅनेलाची बाजू आणखी भक्कम होते. ज्या वर्तमानपत्रांनी ‘सौर रस्त्या’चे स्वागत पहिल्या पानावर केले, त्यांना बाल्डॉकच्या गवताळ सात एकरांविषयी फारसे काही लिहावेसे वाटले नाही. साध्या गोष्टीला बातमीमूल्य कमी असते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात या दोन्ही वाटा एकाच रस्त्यावर चोखाळल्या गेल्या. गालिच्यांचे उत्पादक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये पॉल हॉकन यांचे पर्यावरण आणि व्यापार यांवरील पुस्तक वाचले आणि आपल्या कारखान्यांचा कारभार मुळापासून बदलायला घेतला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये राज्य विधिमंडळाने आंतरराज्य महामार्ग ८५ च्या एका भागाला त्यांचे नाव दिले. त्यांच्या कुटुंबीयांना मात्र केवळ नावाची पाटी पुरेशी वाटली नाही. नावाला साजेल असा हा रस्ता करावा, म्हणून त्यांनी सुमारे २९ किलोमीटरचा तो पट्टा प्रयोगभूमी केला. तेथील प्रवासी स्वागत केंद्रावर विजेच्या मोटारींसाठी सौर चार्जिंग आले. २०१६ मध्ये फ्रान्समधील तीच अंथरण्याची पॅनेले पन्नास चौरस मीटरवर बसविली गेली. रस्त्यावरून वाहणारे तेलकट पाणी मुरविण्यासाठी वनस्पतींच्या उथळ चऱ्या खोदण्यात आल्या आणि कडेला खोल मुळांचे बहुवार्षिक धान्य पेरून पाहण्यात आले.

या साऱ्यांत टिकाऊ काय ठरले? २०२० मध्ये क्रमांक १४ च्या फाट्यावर, वळणरस्त्यांत अडकलेल्या पाच एकरांवर, राज्यातील वीज कंपनीने २,६०० पॅनेलांचा एक मेगावॉटचा प्रकल्प उभारला. पॅनेलांखाली स्थानिक फुलझाडे लावली. त्यामुळे गवत कापण्याचा खर्च कमी होतो, मातीची धूप थांबते आणि मधमाश्यांना चारा मिळतो. गवत कापणे ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु रस्ते खात्यांच्या देखभालीच्या खर्चात ती दरवर्षी न चुकता हजर असते आणि तिच्यापासून उत्पन्न शून्य.

पाणी, मैला आणि भूकंप

वीज हा विसावास्थळाचा एक भाग झाला. शहरापासून दूर असलेल्या थांब्याची खरी डोकेदुखी असते ती पाणी आणि सांडपाणी. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट राज्यात, शॅरन गावाजवळच्या थांब्यावर ही समस्या फार बिकट झाली होती. तेथील जमीन सांडपाणी शोषून घेईना आणि प्रवाशांची संख्या तर वाढतच चाललेली. हा थांबा साधा नव्हता. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या राज्यातील सैनिकांचे स्मारक त्याच आवारात आहे, त्यामुळे तो बंद करणे कोणालाही रुचणारे नव्हते.

तोडगा निघाला तो काचेच्या घरातून. २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीला एक हरितगृह जोडलेले आहे. त्यात हौदांची रांग असून त्यांवर उष्ण प्रदेशातील वनस्पती वाढतात. स्वच्छतागृहातील सांडपाणी या हौदांतून एकामागून एक जाते. मुळांभोवती वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील घाण खाऊन टाकतात आणि शुद्ध झालेले पाणी पुन्हा स्वच्छतागृहातच वापरले जाते. बाहेर बर्फ पडत असताना आत केळीसारखी रुंद पाने डोलत असतात. इमारत गरम ठेवण्यासाठी जमिनीच्या पोटातील उष्णता विहिरींच्या साहाय्याने वर आणली जाते. सांडपाण्याची व्यवस्था प्रवाशांपासून दडवून न ठेवता ती त्यांना पाहता यावी, अशीच इमारतीची रचना आहे. आपल्या टोल नाक्यांजवळच्या स्वच्छतागृहांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या हरितगृहाचे मोल अधिक विस्ताराने सांगावयास नको.

जपानने याहून निराळा विचार केला. तेथे १९९३ पासून ‘मिचि-नो-एकी’, म्हणजे ‘रस्त्यावरचे स्थानक’, ही योजना चालू आहे. चोवीस तास विनामूल्य वाहनतळ व स्वच्छतागृह, रस्त्याची आणि परिसराची माहिती आणि जोडीला पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या मालाचे दुकान, असे त्याचे स्वरूप. आरंभी १०३ असलेली ही स्थानके आता बाराशेंवर गेली आहेत. स्थानक चालविण्यात नगरपालिका आणि स्थानिक संस्थांचा वाटा मोठा असल्याने वाटसरूने खर्च केलेला पैसा गावातच राहतो. २००४ चा चुएत्सु भूकंप आणि २०११ ची महाभयंकर सुनामी या दोन्ही वेळी ही स्थानके आश्रयस्थाने झाली. गावातील वीज गेलेली असताना जेथे दिवा आणि पाणी आहे, तेथेच माणसे जमणार. तेव्हापासून अनेक स्थानकांवर सौर पॅनेले, बॅटऱ्या आणि पाण्याचा राखीव साठा ठेवण्यावर भर दिला जाऊ लागला आणि २०२१ मध्ये ३९ स्थानकांना आपत्तिनिवारणाची स्थानके म्हणून विशेष दर्जा देण्यात आला. पूर, वादळ आणि दरडी यांचा दरवर्षी अनुभव घेणाऱ्या आपल्या देशाने उचलावी अशी ही कल्पना आहे. कोकण असो, हिमालयाची उतरण असो वा ओडिशाचा किनारा असो, महामार्गावरचा थांबा हाच मदतकार्याचा पहिला तळ होऊ शकतो.

आपले महामार्ग

भारतात या दिशेने पावले पडलेलीच नाहीत, असे नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने हरित महामार्ग धोरण जाहीर केले. दिल्लीला वळसा घालणारा १३५ किलोमीटरचा पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग मे २०१८ मध्ये खुला झाला. त्यावर एकूण ४ मेगावॉट क्षमतेचे आठ सौर प्रकल्प आणि दर पाचशे मीटरवर पर्जन्यजल मुरविण्याची व्यवस्था आहे. महाराष्ट्रात नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याची हद्द १२० मीटर रुंद आहे आणि त्याच्या इंटरचेंजच्या मोकळ्या जागांवर सौर वीज निर्माण करण्याचे काम वाशीम जिल्ह्यातील कारंजा आणि बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथून सुरू झाले आहे. टुआलटिनच्या वळणरस्त्यात जे घडले, तेच आता विदर्भाच्या उन्हात घडत आहे. आणि ऊन तर ओरेगनपेक्षा कितीतरी अधिक. आपल्याकडे एक मेगावॉट पॅनेलांपासून वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज मिळते आणि त्यासाठी चार ते पाच एकर जागा लागते.

मात्र समृद्धी महामार्गाचाच दुसरा अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा रस्ता सरळ, गुळगुळीत आणि वेगवान होता, पण वाटेत थांबण्याच्या सोयी मात्र पुरेशा तयार नव्हत्या. उपाहारगृह नाही, नीट स्वच्छतागृह नाही, झाडाची सावली नाही. एकसुरी रस्त्यावर चालकाची शुद्ध हरपत जाते, त्या ‘महामार्ग संमोहना’ची चर्चा महाराष्ट्रात घरोघरी झाली ती याच काळात. विसावास्थळ हा रस्त्याचा दागिना नसून पूल किंवा कठडा यांच्यासारखाच त्याचा अवयव आहे, हे प्रत्येक नव्या मार्गाच्या अंदाजपत्रकात दिसावयास हवे. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरवर अशा सोयी असाव्यात, असे धोरण आता ठरलेले आहे.

रस्त्याकडेच्या सौर प्रकल्पाला कर्ज देताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याची उत्तरे वरील अनुभवांतून बरीचशी मिळतात. सर्वांत मोठा धोका रस्ता रुंद होण्याचा. हद्द साठ मीटर ठेवली जाते ती पुढे-मागे सहा किंवा आठ पदर करता यावेत म्हणून. प्रकल्पाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे आणि दहाव्या वर्षी रुंदीकरण आले, तर पॅनेले हलवावी लागणार. तो खर्च कोणी सोसायचा, हे करारात स्पष्ट नसेल तर तो प्रस्ताव बाजूला ठेवलेला बरा. या दृष्टीने कडेच्या लांबलचक पट्टीपेक्षा वळणरस्त्यांच्या आतील जागा आणि विसावास्थळांची छपरे अधिक सुरक्षित. दुसरा प्रश्न वीज कोण घेणार हा. पथकर नाका, बोगदा किंवा मोठा थांबा जवळ असेल तर उत्तम, अन्यथा वितरण कंपनीशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार हवाच. करसवलतीच्या भरवशावर मांडलेले गणित तर दोनदा तपासावे. आपल्याकडे अपारंपरिक ऊर्जेवरील जलद घसाऱ्याचा दर २०१७ मध्ये ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, तेव्हा अनेकांना नवा हिशेब मांडावा लागला होता. चोरी, धूळ, पॅनेले धुण्याचे पाणी या गोष्टी लहान वाटल्या तरी उत्पन्नाला गळती लावतात. आणि मोठी झाडे तोडून पॅनेले उभी करू पाहणाऱ्या प्रस्तावाला तर आमच्या मते दारातूनच परत पाठवावे. वडाच्या सावलीला युनिटमध्ये मोजण्याचे मीटर अद्याप कोणी तयार केलेले नाही.

ट्रकचालकाची दुपार

अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवरील सरकारी थांब्यांवर खाद्यपदार्थांची दुकाने चालविण्यास कायद्यानेच बंदी आहे. स्वच्छतागृह, बाके आणि विक्रीयंत्रे एवढेच तेथे आढळते. आपल्याकडे उलट स्थिती आहे. ढाब्यावर जेवण उत्तम मिळते, बाजही मिळते. पण स्वच्छ न्हाणीघर, सुरक्षित वाहनतळ आणि निवांत झोप मिळणे दुरापास्त. सार्वजनिक तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहे सुरू झाली असून २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांची संख्या साडेतीनशेवर गेली होती. देशातील ट्रकांची संख्या पाहता हा आरंभच म्हणावा लागेल.

या चालकांचा दिनक्रम पाहिला तर सौर विजेच्या दृष्टीने एक मोठी अनुकूल गोष्ट ध्यानात येते. मोठ्या शहरांत दिवसा जड वाहनांवर निर्बंध असतात. उन्हाळ्यात टायर तापू नयेत म्हणूनही पुष्कळ ट्रक रात्री चालतात. म्हणजे आपला ट्रकचालक झोपतो तो भर दुपारी, आणि झोपतो कोठे, तर तापलेल्या केबिनमध्ये किंवा ट्रकच्या खाली अंथरलेल्या सतरंजीवर. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु वाहन उभे असताना ती यंत्रणा चालवायची तर इंजिन सुरू ठेवावे लागते, डिझेल जळते आणि तो खर्च बहुधा चालकाच्याच माथी येतो. साहजिकच तो यंत्रणा बंद करतो आणि घामाघूम होऊन पडून राहतो. रात्री पुन्हा सुकाणू हाती घेणारा माणूस असा अर्धवट झोपलेला असतो.

टुआलटिनच्या अभियंत्यांना दिवसाची वीज रात्रीसाठी जाळ्यात साठवून ठेवावी लागली होती. येथे त्याची गरज नाही. वाहनतळावर पॅनेलांचेच छप्पर घातले तर ट्रकला सावली मिळते. त्याच विजेवर बाजूच्या विश्रामगृहातील कूलर आणि पंखे चालतात, न्हाणीघरासाठी पाणी उपसले जाते आणि सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाही चालते. मे महिन्यातील दुपारी दोन वाजता पॅनेलांतून वीज भरात आलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी छपराखाली वीस-पंचवीस ट्रक उभे असतात, त्यांचे चालक आणि क्लीनर आत झोपलेले असतात.